पेस्ट चार्ट, उकळतं पाणी आणि माझं तीन सेकंदांचं उत्तर

एका ज्युनिअरचा मेसेज आला. त्याच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आहे. फोटोत टाकीतला दगड आणि त्यावर तपकिरी-हिरव्या बटणांसारखे पॉलिप, एकाला एक चिकटून. "ताई, हे काय आहे? दर आठवड्याला वाढतंय, आता बाकीच्यांना जागाच उरली नाही." मी बसमध्ये होते. फोटो बोटांनी मोठा केला, पाहिला आणि उत्तर टाकलं: "झोअँथस. फार झालं असेल तर दगड बाहेर काढ आणि त्यावर उकळतं पाणी ओत."

तीन सेकंद लागले असतील. सल्ला माझा नव्हता. मत्स्यालय ठेवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक चार्ट फिरत असतो, पुण्यात काही दुकानांच्या काउंटरवर तो लॅमिनेट करून ठेवलेलाही दिसतो. हिरवा रकाना चांगल्या जिवांचा, पिवळा 'लक्ष ठेवा'वाल्यांचा, लाल त्रासदायक जिवांचा. प्रत्येक चौकोनात एक फोटो, एक नाव, खाली एक उपाय. मी त्यातलाच एक चौकोन वाचून दाखवला होता.

रात्री जेवताना तेच शब्द पुन्हा डोक्यात आले, 'उकळतं पाणी'. हे मी आधी वाचलं होतं. उपाय म्हणून नाही, अपघाताचं कारण म्हणून. लॅपटॉप उघडून पेपर शोधला. 2011 सालचा, प्लॉस वन या जर्नलमधला, जोनाथन डीड्स आणि सहकाऱ्यांचा. सकाळी सातला ज्युनिअरला फोन लावला. "अजून नाही केलं ताई, विभागातली किटली बिघडलीय." त्या बिघडलेल्या किटलीचे आभार मानून ही पोस्ट लिहायला घेतली.

तुम्ही नेटची, पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर म्हणाल की टाकीतल्या किडीशी आपलं काय देणंघेणं? पण प्राणी असो, वनस्पती असो वा बुरशी, तुमच्या प्रबंधात 'नमुने गोळा करून ओळखण्यात आले' असं एक वाक्य येणारच आहे. त्या वाक्याच्या मागे नेमकं काय केलं, हे विचारलं की अनेकांची बोलती बंद होते. माझी झाली होती. म्हणून त्या चार्टवर आज जरा नीट टीका करते. टीका माझ्यावरही आहे, हे धरूनच वाचा.

आधी चार्टच्या बाजूने. पुणे समुद्रापासून लांब. इथे खारं पाणी म्हणजे आरओचं पाणी आणि पाकिटातलं मीठ. टाकीत जे काही 'आपोआप' उगवतं ते खरं तर आपोआप नसतं, विकत आणलेल्या दगडावर किंवा पॉलिपच्या तुकड्यावर बसून आलेलं असतं. नवख्या माणसाला आपल्या टाकीत काहीतरी न मागवलेलं आलंय, एवढं कळायलाही महिने लागतात. चार्ट त्याला बघायला शिकवतो. ही छोटी गोष्ट नाही. प्रॅक्टिकलला बाटलीतले नमुने पाठ करून आलेल्या किती जणांना जिवंत प्राणी बघता येतो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

पण चार्टची रचना बघा. नाव आणि निकाल एकाच चौकोनात. म्हणजे 'हा कोण?' आणि 'याचं काय करायचं?' हे दोन वेगळे प्रश्न त्याने एकत्र शिवून टाकलेत. पहिल्याचं उत्तर चुकलं तर दुसऱ्याचं आपोआप चुकणार, आणि चुकलंय हे कळायला मधे कुठे थांबाच नाही. दुसरं, प्रत्येक जिवाचा फोटो एकच, तोही सगळ्यात देखणा, पूर्ण उघडलेला, निळ्या दिव्याखालचा. मिटलेला, उपाशी, आजारी, लहान असताना तो कसा दिसतो? माहीत नाही. तिसरं आणि मला सगळ्यात खटकणारं: 'याच्यासारखाच दिसणारा पण हा नव्हे' असा एकही चौकोन नाही. 'कळत नाही' असा तर नाहीच. तुमच्या टाकीत काहीही येवो, चार्टमध्ये त्याला कुठेतरी बसावंच लागतं. ज्या यादीत 'यापैकी नाही' हा पर्याय नसतो, त्या यादीने दिलेलं उत्तर मला उत्तर वाटत नाही.

आता त्या बटणांकडे येऊ.

झोअँथिड हा समुद्रफुलांच्या जवळचा गट, बहुतेक वसाहत करून राहणारा. टाक्यांमध्ये जे मिळतात त्यांतले पुष्कळसे दोन जीनसमधले असतात, झोअँथस आणि पॅलिथोआ. (शाळेच्या पुस्तकात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज, वर्तमानपत्रात 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज. या घोळात पडायचं नाही म्हणून मी इथे जीनस आणि स्पीशीज असंच लिहिणार आहे.) दोघांचे पॉलिप बटणासारखे, कडेला शुंडकांची झालर. रंग दोघांतही भलभलते. फोटोत सराव झालेल्यांचाही गोंधळ होतो.

फरक फक्त नावाचा असता तर ही पोस्ट झालीच नसती. पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे विष 1971 मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून वेगळं काढलं गेलं. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो, तुम्ही बीएस्सीला शिकला असाल. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटतं आणि त्याची चक्क उघडी नळी करून टाकतं. आयन मोकाट आत-बाहेर. उंदरांमधली मारक मात्रा शरीराच्या दर किलोला 300 नॅनोग्रॅम, असं डीड्स यांच्या पेपरच्या सुरुवातीलाच दिलंय. 20 ग्रॅमच्या उंदराला किती लागेल ते तुम्हीच काढा. आणि हे विष उष्णतेने सहज मोडत नाही. उकळतं पाणी ओतलं की वाफेबरोबर, तुषारांबरोबर ते नाकातोंडात जाण्याची भीती असते.

असं घडलेलंही आहे. एका घरगुती टाकीत न मागवता आलेले झोअँथिड काढायला एकाने उकळतं पाणी वापरलं आणि त्याला श्वसनाचा गंभीर त्रास झाला. त्या वसाहतीत पॅलिटॉक्सिन भरपूर सापडलं. हे त्याच संशोधकांचं आधीचं काम. 2011 च्या पेपरात त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: हे असले जीव दुकानात विकत मिळतात का? कारण समज असा होता की फार विषारी प्रकार या व्यापारात नसतातच.

त्यांनी वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या दुकानांतून नमुने आणले. विष मोजायला लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री, ओळखायला 16एस आणि सीओआय हे दोन जनुकीय मार्कर. आधीच्या अपघातातल्या झोअँथिडसारखेच वाटणारे चार नमुने तीन दुकानांत मिळाले. चारही विषारी. दर ग्रॅम झोअँथिडमागे 0.5 ते 3.5 मिलिग्रॅम कच्चं विष.

हा पेपर मोफत उपलब्ध आहे. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एकदा वाचा, विषासाठी नाही, भाषेसाठी. शीर्षकात त्यांनी जीनसचं नाव देऊन पुढे फक्त 'स्पी.' लिहिलंय. म्हणजे जीनसपर्यंतची खात्री दिली, पुढची नाही. चार नमुने 'एकाच स्पीशीजचे' असं ठोकून दिलेलं नाही, एकाच स्पीशीजचे दिसतात असं म्हटलंय. ओळख 'केली' नाही, करण्याचा प्रयत्न केला. त्या माणसाच्या त्रासाचं कारण विष 'होतं' नाही, असण्याची शक्यता जास्त होती. डीएनए हातात असलेली माणसं इतकी जपून बोलतात. आणि मी, बसच्या खिडकीशी बसून, फोनच्या स्क्रीनवर बघून, पूर्णविरामासकट 'झोअँथस.' लिहून मोकळी.

पेपर कौतुकाचा आहे म्हणून त्याला सोडायचं असंही नाही. सारांशाच्या शेवटी ते म्हणतात की हा प्रकार घरगुती मत्स्यालयांच्या व्यापारात सर्रास विकला जातो. 'सर्रास' कशावरून? तीन दुकानं, एक शहर, चार नमुने. 'विकला जातो' एवढं यातून नक्की सिद्ध होतं, आणि धोक्याची सूचना द्यायला तेवढं पुरेसं आहे. 'सर्रास' म्हणायला वेगळी पाहणी लागते, जास्त दुकानांची, ठरवून निवडलेल्या. तुमच्या व्हायव्हाला बाहेरून आलेले सर असल्याच एका क्रियाविशेषणावर बोट ठेवतात, म्हणून सांगतेय.

आणखी एक. 'बारकोड करून टाकू, प्रश्न मिटला' असं म्हणणारे तुमच्या ओळखीत असतील. झोअँथिड, प्रवाळ, समुद्रफुलं या गटात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फार सावकाश बदलतो. सीओआय फुलपाखरांत, माशांत ज्या सहजतेने स्पीशीज वेगळ्या करतो, तसं इथे चालत नाही. दोन जवळच्या स्पीशीजचा क्रम तंतोतंत सारखाही निघू शकतो. म्हणजे प्रयोगशाळेचं बिल भरूनही तुम्ही जीनसपाशीच उभे असाल. त्यात लाज नाही. बिल भरलंय म्हणून पुढचं नाव लिहून टाकलं, तर लाज आहे.

मग डीएनएशिवाय, विभागातल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपवर, काही कळू शकतं का? कळतं. पॅलिथोआ आपल्या देठाच्या भिंतीत वाळूचे कण रुतवून घेतो, झोअँथस घेत नाही. इतकी साधी गोष्ट. चार्टवर ती नाही, कारण फोटो वरून काढलेला असतो आणि खूण बाजूला, देठावर असते.

आम्ही केलं ते असं. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. दगडाच्या कडेचा एक सुटा खडा, त्यावर तीन पॉलिप. काहीही न कापता, न खरवडता तो पाण्याखालीच वाडग्यात घेतला. (हातावर जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. आणि मोजे घातले म्हणून त्याच हाताने चेहरा खाजवू नका, हे सांगायची वेळ आमच्यावर आली.) देठावर कण दिसले. पण टाकीच्या तळाला वाळू आहे, कण नुसते चिकटलेलेही असू शकतात. म्हणून ड्रॉपरने पाण्याखालूनच हलकेच पाणी मारलं. काही कण उडाले, बाकीचे भिंतीच्या आत होते, ते जागचे हलले नाहीत. ड्रॉपरचा हा खटाटोप मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माझं म्हणणं चुकण्याची सोय होती. सगळे कण उडाले असते तर मला 'पॅलिथोआ' म्हणता आलं नसतं. चार्टशी फोटो जुळवताना असं कधीच होत नाही. तिथे फक्त जुळतं.

या खुणेलाही मर्यादा आहे. वाळूच नसलेल्या टाकीत वाढलेल्या पॉलिपला कण मिळणार कुठून? तेव्हा कण सापडले तर ते पॅलिथोआच्या बाजूचा चांगला पुरावा, पण सापडले नाहीत म्हणून 'झोअँथस, निर्धास्त राहा' असा उलटा निष्कर्ष काढू नका.

तर आमच्या हातात आलं एवढंच: जीनस बहुधा पॅलिथोआ. स्पीशीज माहीत नाही. विष आहे की नाही, तपासलेलं नाही. आता चार्टवाला विचारेल, 'मग काय उपयोग? उपाय काय?' गंमत अशी की उपाय ठरवायला याहून जास्त लागतच नाही. पॅलिथोआतले सगळे विषारी नसतात, पण कोणते नसतात हे आपल्याला माहीत नसेल, तर विषारी धरून वागायचं. उकळायचं नाही, घासायचं नाही, बाहेर काढून सुकत ठेवायचं नाही. अख्खा दगड पाण्यासकट बादलीत. अर्धवट ओळख, पण प्रामाणिक, आणि तिच्यावरून योग्य निर्णय घेता आला. माझं पूर्ण नाव सांगणारं उत्तर मात्र एका पोराला दवाखान्यात पोचवू शकलं असतं.

चार्टवरच्या बाकीच्या चौकोनांबद्दल थोडक्यात, कारण प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे आणि सगळ्या सांगायला बसले तर माझं स्वतःचं चॅप्टर राहील.

आयप्टेशिया. तपकिरी, पारदर्शक, खजुराच्या झाडासारखं दिसणारं समुद्रफूल, लाल रकान्याचा राजा. ते ओरबाडून काढायला गेलात तर तळव्याचे राहिलेले तुकडे नवी समुद्रफुलं होऊन उगवतात. यात ओळखण्याचा मोठा प्रश्न टाकीवाल्याला नसतो. प्रश्न आपल्याला, पेपर वाचणाऱ्यांना असतो. हाच प्राणी प्रवाळ आणि त्यातल्या शैवालाचं सहजीवन अभ्यासायला प्रयोगशाळांत पाळला जातो, 2015 मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. पण नाव? अटलांटिकमधला 'पॅलिडा', पॅसिफिकमधला 'पल्चेला' अशा नावांनी वर्षानुवर्षं पेपर निघत होते. 2014 मध्ये ग्राहालेस आणि रॉद्रिगेझ यांनी ही नावं एका स्पीशीजखाली आणली आणि तिच्यासाठी एक्झायप्टेशिया हा नवा जीनस केला. 'पॅलिडा' हे रुळलेलं नाव राहावं अशी विनंती प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेली, 2017 मध्ये आयोगाने ती मान्य केली नाही, आणि जुनं असलेलं 'डायफाना' पुढे आलं. म्हणजे एकाच प्राण्यावरचं साहित्य शोधायला तुम्हाला चार नावांनी सर्च करावं लागेल. एकाच नावाने शोधून 'या विषयावर फारसं काम झालेलं नाही' असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणारे मी पाहिलेत.

आयप्टेशिया खाणारी समुद्री गोगलगाय, बर्गिया, उपाय म्हणून विकली जाते. तिचीही तीच तऱ्हा. 1990 च्या, तिला प्रयोगशाळेत वाढवण्याच्या मूळ पेपरात नाव आहे 'व्हेरुकिकॉर्निस'. ती वेगळीच निघाली. 2005 मध्ये 'स्टेफनीए' म्हणून तिचं वर्णन झालं, तेही आधी दुसऱ्या जीनसमध्ये, मग 2014 मध्ये बर्गियात. रोग ओळखण्यात गोंधळ, औषध ओळखण्यातही.

काटेरी किडे, म्हणजे ब्रिसल वर्म. चार्टवर हे लाल रकान्यात असतात तर काहींवर हिरव्या. बहुतेक किडे उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवणारे. काही मात्र खरंच प्रवाळ खातात. ज्याला सरसकट 'युरिथो कॉम्प्लानाटा' म्हणतात, जगातल्या सगळ्या उबदार समुद्रांत सापडणारा म्हणून पुस्तकात असतो तो, 2010 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी तपासला तेव्हा त्यात किमान तीन स्पीशीज निघाल्या. तुमच्या यादीत 'सर्वत्र आढळणारा' असं वर्णन असलेला प्राणी आला की जरा सावध व्हा. तो खरंच सर्वत्र असेल, किंवा सर्वत्र लोकांनी एकच पुस्तक वापरलं असेल.

तपकिरी बुळबुळीत थर. हा डायटम, डायनोफ्लॅजेलेट किंवा सायनोबॅक्टेरिया यांपैकी कुणाचाही असू शकतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे. इथे चार्ट फेकून द्या आणि विभागातला कुठलाही साधा मायक्रोस्कोप घ्या. एका थेंबाचं काम. काचेसारखं कवच दिसलं तर डायटम. केंद्रक नसलेल्या पेशींच्या साखळ्या असतील तर सायनोबॅक्टेरिया. शेपटीवाले गोल-अंडाकृती जीव फिरताना दिसले तर डायनोफ्लॅजेलेट. त्यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिसची तर पेशी थेंबाच्या आकाराची आणि जणू दोऱ्याला बांधल्यासारखी एका जागेभोवती झुलते. फोटोवर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा पाच मिनिटांत उत्तर, आणि तरी वाद फोटोवरच चालतो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता एक पुण्याचं उदाहरण, गोड्या पाण्यातलं. कोळंबी पाळणाऱ्यांच्या टाकीत हायड्रा झाला की तो कीड. आपल्या आगरकर संशोधन संस्थेत तोच हायड्रा वर्षानुवर्षं अभ्यासाचा प्राणी. 2011 मध्ये, म्हणजे योगायोगाने डीड्स यांच्या पेपरच्याच वर्षी, रेड्डी, बर्वे आणि घासकडबी यांनी करंट सायन्समध्ये भारतातल्या सामान्य हायड्राचं वर्णन आणि वंशवृक्षातली जागा प्रसिद्ध केली. शरीररचनाही बघितली, डीएनएही. स्पीशीज ठरली हायड्रा वल्गॅरिस, आणि या वाणाला पुढे 'इंड-पुणे' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पुनर्जननावर, जनुकांवर एवढं काम होणाऱ्या प्राण्यासाठी कुणीतरी थांबून 'पण हा नेमका कोण?' याचं उत्तर पुराव्यासकट छापलं. असे छोटे पेपर कुणी फार मिरवत नाही. पण पुढच्या प्रत्येक पेपरातलं 'आम्ही हायड्रा वापरला' हे वाक्य त्यावर उभं असतं. नावाला 'पुणे' जोडलं हेही मला आवडतं: वाण कुठला, हे नावातच लिहिलंय.

'मग फोटो बघून ओळखायचंच नाही का?' असं तुम्ही विचाराल. ओळखा की. मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले लोकांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेतात, तिथे झोअँथिडच्या चादरी पसरलेल्या दिसतात, लोक फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाकतात. या अशा नोंदींचं मोल मोठं आहे. तिथे एक सोय अशी आहे जी चार्टवर नाही: तुम्ही फॅमिलीपाशी, जीनसपाशी थांबू शकता. फक्त 'रिसर्च ग्रेड' या शिक्क्याने दबून जाऊ नका. त्याचा अर्थ ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जण सहमत आहेत, एवढाच. सहमती चांगली, पण देठावरचे कण सगळ्यांनीच पाहिलेले नसतील तर दहा जणांची सहमतीही एका फोटोवरचीच.

तुमच्या मेथड्समध्ये 'मानक साहित्याच्या आधारे ओळखले' हे वाक्य असेल तर ते आजच खोडा. कुठली खूण, किती मोठं करून, किती नमुन्यांत पाहिली ते लिहा. कोणत्या जवळच्या जिवापासून वेगळं केलं आणि कशावरून, ते लिहा. जिथे थांबलात तिथे का थांबलात तेही. एक तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा डीएनएसाठी, दुसरा फॉर्मालिनमध्ये रचनेसाठी. सगळंच फॉर्मालिनमध्ये बुडवून दोन वर्षांनी पीसीआरला बसाल तर रडाल. आणि आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, आपल्या लोकलच्या अंतरावर. नमुना, तारीख, ठिकाण, आपण स्वतः कुठवर पोचलो ते घेऊन जा. नुसता फोटो घेऊन जाऊ नका.

जाता जाता एक गोष्ट, जी आपल्या इथल्या चार्टांवर हमखास गाळलेली असते. चार्टवर प्रवाळ खाणारे किडे असतात, ज्याला ते खातात त्या दगडी प्रवाळाबद्दल चकार शब्द नसतो. दगडी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. 'मॉन्टिपोरावर लागलेली गोगलगाय ओळखून द्या' असं कुणी तुम्हाला विचारलं, तर गोगलगायीच्या आधी मॉन्टिपोराची ओळख गंभीर आहे. (ती गोगलगायही पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षं माहीत होती, शास्त्रीय नाव तिला 2020 मध्ये मिळालं, फेस्टिला सबोडिओसस. तोवर तिचं नाव असलेला प्रत्येक चार्ट बिननावाच्या प्राण्यावर निकाल देत होता.) कोकणात नमुने गोळा करायला जाणाऱ्यांनी तर परवानगीचं आधी बघावं. किनाऱ्यावरचा प्रत्येक मऊ दिसणारा जीव मऊ प्रवाळ नसतो.

ज्युनिअरने आता टाकीवर स्वतःचा कागद लावलाय. त्यात रंगीत रकाने नाहीत. तीन ओळी आहेत: काय दिसलं, कशाने पाहिलं, काय तपासलेलं नाही. त्या दगडाच्या बादलीवरही चिठ्ठी आहे. 'पॅलिथोआ स्पी. (?) देठाच्या भिंतीत वाळूचे कण, स्टिरिओ मायक्रोस्कोप, 3 पॉलिप. विष: तपासलेले नाही. गरम करू नये. उघड्या हाताने स्पर्श करू नये.' प्रश्नचिन्ह त्याने स्वतःहून घातलं. किटली अजून दुरुस्त झालेली नाही.